पुरलेला रणगाडा आणि ऐकीव विमान

गेल्या मे महिन्यात आम्ही आमच्या नातवास घेऊन नगरास गेलो होतो. त्या शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु साठ वर्षांची जिभेची सवय एका राजपत्राने सुटत नाही, तेव्हा वाचकांनी एवढ्या बाबतीत आम्हांस क्षमा करावी. नगरास चिलखती दलाचे शिक्षणकेंद्र आहे आणि त्या केंद्राने १९९४ साली उभारलेले रणगाड्यांचे संग्रहालयही आहे. मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल अशी नावे धारण करणारी ती अजस्र धुडे तेथे ओळीने उभी आहेत. चिरंजिवांचे वय वर्षे अकरा. त्यांनी प्रत्येक रणगाड्यापुढील फलक मोठ्याने वाचला, दोन-तीन ठिकाणी आमच्या उच्चारांची दुरुस्ती केली, आणि शेवटी उन्हात घाम पुशीत उभ्या असलेल्या आम्हांस विचारले, "आजोबा, लढाईत असले हजारो होते ना? मग बाकीचे गेले कुठे?"

आम्ही पस्तीस वर्षे मास्तरकी केली. उत्तर ठाऊक नसलेल्या प्रश्नास "पुढच्या तासाला सांगतो" म्हणून वेळ मारून नेण्याची विद्या आम्हांस चांगली अवगत आहे, व तिचाच आम्ही तेथे उपयोग केला. हे सदर म्हणजे तो पुढचा तास होय असे वाचकांनी समजावे. मात्र हा तास घेताना आमच्या पूर्वीच्या एका तासाची आठवण आम्हांस टाळता येणार नाही, आणि ती फारशी सुखाची नाही. ती यथाक्रम येईलच.

बहुतेक रणगाडे भट्टीत गेले. युद्ध संपले की जो तो घर बांधावयास व रूळ टाकावयास लोखंड शोधू लागतो, आणि भंगार विकत घेणाऱ्यास इतिहासाशी कर्तव्य नसते. काहींना तोफखान्याने चांदमारीसाठी माळावर उभे केले व त्यांची चाळण केली. उरले ते बहुधा माणसाच्या दृष्टीआड झाल्यामुळेच उरले. नदीत वा तळ्यात बुडालेले, दलदलीत रुतलेले, किंवा मुद्दाम खड्डा खणून त्यात लोटलेले. पुरण्याची कारणेही साधीच असत. माघार घेणाऱ्या सैन्यास आपले वाहन शत्रूच्या हाती पडू द्यावयाचे नसे. कधी मोडक्या रणगाड्याचा भुयारासारखा आसरा करीत. आणि कधी शेतकऱ्यास शेत नांगरावयाचे असे. पाऊणशे खंडी लोखंड कापून वाहून नेण्यापेक्षा शेजारीच खड्डा खणणे स्वस्त पडे. विलायतेत व युरोपात अशा पुरलेल्या वाहनांचा शोध घेणारी माणसे आहेत. कोणी हौसेने शोधतो, कोणी पैशासाठी, कोणी आपल्या आजोबांचे रेजिमेंट अमक्या शेतात लढले होते म्हणून.

ह्या शोधांपैकी आम्हांस अत्यंत आवडलेली हकीकत फ्रान्सच्या उत्तर भागातील कांब्रे गावानजीकची आहे. पहिल्या महायुद्धात, २० नोव्हेंबर १९१७ रोजी पहाटे, इंग्रजांनी तेथे चारशेहून अधिक रणगाडे एकदम पुढे घातले. एवढ्या संख्येने रणगाड्यांचा असा हल्ला त्यापूर्वी कोणी केला नव्हता. ह्याच लढाईच्या पुढच्या टप्प्यात, १ डिसेंबरला, आपल्याकडील घोडदळाच्या गोबिंद सिंग नावाच्या लान्स दफेदाराने गोळीबारातून तीन वेळा निरोप पोहोचवून व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. म्हणजे एकाच रणभूमीवर घोडा आणि रणगाडा दोघेही होते. त्या रणगाड्यांत एक होता 'डेबोरा', क्रमांक डी ५१. 'डी' पलटणीतील म्हणून नावही त्याच अक्षराने सुरू होणारे. तोफ बसविलेल्या रणगाड्यास 'नर' आणि केवळ मशिनगना बसविलेल्यास 'मादी' म्हणण्याची इंग्रजांची तेव्हा रीत होती; डेबोरा ही मादी, तेव्हा आम्हीही तिला स्त्रीलिंगीच लिहितो. आत आठ माणसे. मध्यभागी उघडे इंजिन, त्याचा धूर, उष्णता आणि कानठळ्या बसविणारा आवाज. वेग माणसाच्या चालण्याइतका.

फ्लेकियेर नावाच्या खेड्यात डेबोरा शिरली, खेडे ओलांडून पलीकडे बाहेर पडली, आणि तेथे जर्मन तोफेच्या गोळ्यांनी तिला गाठले. आठांपैकी पाच जण ठार झाले. तिचा तरुण अधिकारी फ्रँक हीप ह्याने उरलेल्यांना शत्रूच्या मधून सुखरूप मागे आणले, व त्याबद्दल त्यास मिलिटरी क्रॉस मिळाला. मेलेले पाच जण म्हणजे चेव्हरटन, फूट, गॅलवे, रॉबिन्सन आणि टिपिंग. पुढे लढाईचे पारडे फिरले, आणि डेबोरा दिसेनाशी झाली.

कांब्रे येथे फिलिप गोर्चिन्स्की नावाचे एक गृहस्थ हॉटेल चालवीत असत. रणगाड्यांच्या त्या लढाईचा त्यांस छंद. त्यांच्या कानावर आले की फ्लेकियेरमधील एका वृद्ध बाईंना ह्याविषयी काही आठवते. बाई भेटल्या. त्यांनी सांगितले ते थोडके होते: आपण लहान असताना, रशियन युद्धकैदी एक रणगाडा ढकलीत नेऊन मोठ्या खड्ड्यात लोटताना आपण पाहिला. बस्स, एवढेच. खड्ड्यात पुढे काय झाले, रणगाडा कोणाचा, क्रमांक कोणता, ह्यांविषयी बाई काही बोलल्या नाहीत. कारण ते त्यांनी पाहिले नव्हते.

गोर्चिन्स्की ह्यांनी ह्या चार वाक्यांवर सुमारे सहा वर्षे घालविली. विमानातून घेतलेली छायाचित्रे पाहिली, शेतांतून फिरले, जमिनीखालील लोखंड हुडकणारी उपकरणे आणविली. अखेर नोव्हेंबर १९९८ मध्ये गावाच्या कडेस खणावयास सुरुवात झाली आणि दीड-दोन पुरुष खोलीवर लोखंड लागले. वरचे झाकण उघडून गोर्चिन्स्की स्वतः आत उतरले. एक्याऐंशी वर्षांनी त्या पोटात माणूस शिरला! तथापि रणगाडा सापडला म्हणजे 'कोणता' हे सापडले असे नव्हे. ते ठरविण्यास आणखी परिश्रम पडले. रणगाड्याच्या अंगावर गोळ्यांनी पडलेली भगदाडे आणि हीप ह्यांच्या घराण्यात जपून ठेवलेल्या जुन्या छायाचित्रांतील भगदाडे ताडून पाहिली, ती जुळली, आणि मग ही डेबोराच असे निश्चित झाले. २०१७ साली, लढाईस शंभर वर्षे पूर्ण होताना, फ्लेकियेर येथे तिच्यासाठी स्वतंत्र वास्तू उभी राहिली. ती वास्तू लष्करी स्मशानभूमीला लागूनच आहे आणि तिचे ते पाच शिपाई त्याच स्मशानभूमीत आहेत. तिचे चिलखत पुन्हा रंगवून चकचकीत केलेले नाही. समोरची भगदाडे जशीच्या तशी आहेत. हे आम्हांस फार योग्य वाटले. आमच्याकडे जीर्णोद्धार म्हटला की प्रथम तैलरंगाचे डबे येतात.

दुसरी हकीकत एस्टोनिया देशातील. कुर्तना भागातील एका तळ्यातून सप्टेंबर २००० मध्ये एक रणगाडा ओढून काढला. रणगाडा रशियन बनावटीचा टी-३४, आणि त्याच्या अंगावर मात्र जर्मन क्रूस रंगविलेला! जर्मनांनी तो पकडून आपल्या कामी लावला होता, आणि १९४४ च्या सप्टेंबरात माघार घेताना तळ्यात सोडून दिला. त्या वेळी गावातल्या एका मुलाने चाकपट्ट्यांचे माग तळ्याच्या काठापर्यंत गेलेले पाहिले, पलीकडे निघालेले पाहिले नाहीत, आणि पुढे कित्येक दिवस त्या जागी पाण्यातून बुडबुडे येताना पाहिले, असे सांगतात. छपन्न वर्षांनी बाहेर आला तेव्हा रणगाड्यास गंज फारच थोडा होता. ह्याचे कारण तेथील तळ. कुजलेल्या शेवाळ-गवताचा जो काळा चिखल तिकडे 'पीट' म्हणून ओळखला जातो त्याच्या आत हवा पोहोचत नाही, आणि हवेवाचून लोखंडास गंज चढत नाही. आमच्या आजीने लोणच्याच्या बरणीत तेलाचा थर राखण्याविषयी जो कटाक्ष ठेवला होता, त्यातील तत्त्व हेच. उलट समुद्राकाठच्या वाळूत पुरलेले वाहन थोड्या वर्षांत पापडासारखे होते.

जाता जाता एक गंमत. २०१५ साली जर्मनीत कील शहरानजीक एका वृद्ध गृहस्थाच्या घराच्या तळघरात पँथर जातीचा सबंध रणगाडा निघाला. शेजाऱ्यांना तो ठाऊक होता म्हणे. लष्कराची माणसे आली, आणि तो बाहेर काढावयास त्यांस सुमारे नऊ तास लागले. आमच्या घरातून नेहमी तक्रार असते की माळ्यावर आम्ही फार अडगळ साठविली आहे. त्यांस आम्ही ही बातमी वाचून दाखविली. उपयोग झाला नाही.

आता मुख्य विषयाकडे येतो. संस्कृत पाठशाळेत आम्हांस तर्कसंग्रह पाठ करावा लागला होता. त्यात प्रमाणे चार सांगितली आहेत, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. विद्यार्थिदशेत आम्हांस वाटे की शब्दप्रमाण म्हणजे वडीलधाऱ्यांनी सांगितले ते खरे मानणे. आमचे गुरुजी ह्यावर रागावत. शब्द प्रमाण असतो तो आप्ताचा, आणि आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याने वस्तू जशी आहे तशी जाणली आणि जशी जाणली तशीच सांगितली, तो आप्त. मग तो म्लेच्छ असो की गावातली निरक्षर बाई असो. फ्लेकियेरच्या त्या वृद्धा आमच्या गुरुजींच्या व्याख्येप्रमाणे पूर्ण आप्त ठरतात. त्यांनी पाहिले तेवढेच सांगितले. त्यांच्या शब्दावर अनुमान उभे राहिले, अनुमानावर खणणे, आणि शेवटी लोखंड प्रत्यक्ष हाती लागले. भगदाडे छायाचित्राशी ताडली ते उपमानाच्या जवळचे म्हणता येईल, परंतु ह्यावर नैयायिक आमच्याशी भांडतील, म्हणून ते सोडून देतो.

आमचे धाकटे चुलते, ज्यांना घरात सगळे बापूकाका म्हणत, दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या पुरवठा खात्यात कारकून म्हणून ब्रह्मदेशात होते. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून पडले आणि इंग्रजांचे सर्व सैन्य उत्तरेकडे मागे हटू लागले. बापूकाका त्यातच होते. ते १९४६ साली घरी परतले, नगरपालिकेत चिकटले, आणि युद्धाविषयी त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. काढला तो एकदाच. १९७१ च्या डिसेंबरात, बांगला देशाच्या युद्धाच्या वेळी, दिवे मालवून खिडक्यांना काळे कागद लावलेले असत. आम्ही सर्व लहानथोर माजघरात बसलो होतो. आम्ही तेव्हा तेरा वर्षांचे. कोणीतरी रणगाड्यांचा विषय काढला, आणि कोपऱ्यातून बापूकाका बोलू लागले.

ते म्हणाले की चिंदविन नदीच्या काठी श्वेजिन नावाचे ठिकाण होते. रस्ता तेथे संपत होता. नदीवर पूल नव्हता; होत्या त्या थोड्या वाफेच्या बोटी, आणि त्या माणसांना घेऊन नदीने वरच्या अंगास कलेवापर्यंत पोहोचवीत. वाहने पलीकडे नेण्याची सोय जवळजवळ नव्हती. डोंगरांनी वेढलेल्या त्या खोलगट जागेत लॉऱ्या, मोटारी, रणगाडे ह्यांची दाटी झाली होती आणि भोवतालच्या टेकड्यांवरून जपान्यांचा मारा चालू होता. हुकूम सुटला की काही शत्रूच्या हाती जाता कामा नये. तेव्हा चालकांनी इंजिनांतील तेल काढून टाकले आणि इंजिने तशीच पुऱ्या जोराने चालू ठेवली. "कोरडे इंजिन मरताना ओरडते रे," बापूकाका म्हणाले. "एक नाही, शेकडो. आणि आमचा एक चालक, पंजाबी, आपल्या लॉरीवर हात ठेवून उभा होता. तो हात काढीना. मी त्याला ओढून बोटीत घातला." मग थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग बापूकाकांनी, वातावरण हलके व्हावे म्हणूनच बहुधा, हसून म्हटले, "ह्या तर लॉऱ्या झाल्या. लढाई संपल्यावर रंगूनला विमानेच्या विमाने खोक्यांत बंद करून पुरली, असे ऐकले."

त्यांच्या सांगण्यापैकी श्वेजिनचा भाग इतिहासग्रंथांशी तंतोतंत जुळतो. १० मे १९४२ रोजी तेथे लढाई झाली, आणि त्या ब्रिगेडचे जवळजवळ सगळे स्टुअर्ट जातीचे हलके रणगाडे तेथे मोडून टाकावे लागले. एकच काय तो नदीपार गेला. त्याचा वरचा बुरूज काढून पुढे तो आपल्या सातव्या लाइट कॅव्हलरीने अधिकाऱ्याचे वाहन म्हणून वापरला आणि सैन्य पुन्हा ब्रह्मदेशात उतरले तेव्हा तोही परत गेला. त्याला नाव पडले होते 'कर्स ऑफ स्कॉटलंड', म्हणजे पत्त्यांतील चौकट नव्वीस इंग्रज देतात ते. हे सारे आम्ही पुष्कळ उशिरा वाचले. बापूकाका १९९१ सालीच गेले होते.

आता तो तास. २०१२ च्या एप्रिलमध्ये वर्तमानपत्रांत बातमी आली की रंगूनच्या मिंगलाडोन विमानतळाखाली दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर विमाने, कोरीकरकरीत, खोक्यांत बंद केलेली, पुरलेली आहेत. लिंकनशायरमधील एका शेतकऱ्याने त्यांच्या शोधात सोळा वर्षे घालविली होती. इंग्लंडचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून त्याच महिन्यात ब्रह्मदेशास गेले असता तेथील अध्यक्ष थेन सेन ह्यांच्याशी त्यांचे ह्या विमानांबद्दल बोलणे झाले. विमानांची संख्या प्रथम दोन-तीन डझन सांगत. ती पुढे शंभरावर गेली. ऑक्टोबरात करारही झाला. खर्च करण्यास संगणकावरील युद्धखेळ तयार करणारी एक कंपनी पुढे आली.

आम्हांस जो आनंद झाला तो काय सांगावा! नववीच्या वर्गात इतिहासाचा तास होता. आम्ही पुस्तक मिटले आणि मुलांना सांगितले, "ही बातमी खरी आहे. आमचे चुलते स्वतः ब्रह्मदेशात होते आणि त्यांनी आम्हांस चाळीस वर्षांपूर्वीच हे सांगितले आहे." वर्ग स्तब्ध झाला. मास्तराला असली स्तब्धता फार प्रिय असते. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. अभ्यासात बेताचा, वडील गवंडीकाम करणारे. त्याने विचारले, "सर, त्यांनी विमाने पुरताना पाहिली होती का?"

आम्ही त्यास "खाली बस" असे म्हटले.

जानेवारी २०१३ मध्ये मिंगलाडोन येथे खणले. जमिनीखाली धातू असल्याचे उपकरणांनी आधीच दाखविले होते. खणल्यावर विजेच्या तारा निघाल्या, पाण्याचे नळ निघाले. उत्तरेकडे मिच्यिना येथे एक लाकडी खोके सापडल्याचा गवगवा झाला. त्यात गढूळ पाणी भरलेले होते. सोबत नेलेल्या पुरातत्त्वज्ञांनी एकीकडे कागदपत्रे तपासली होतीच. रंगूनच्या गोदीत माल उतरवून घेणाऱ्या वायुदलाच्या तुकडीच्या दप्तरात १९४५ आणि १९४६ ह्या काळात एकूण ३७ विमाने आल्याची नोंद होती. त्यांत खोक्यांत बंद असे एकही स्पिटफायर नव्हते, आणि आलेल्यांपैकी बहुतेक विमाने १९४६ च्या शरदऋतूत परत बाहेर पाठविलेली होती. शिवाय इतके मोठे खोके खोल पुरावयास जी यंत्रे, जे लाकूड, जी माणसे लागतात ती त्या काळच्या रंगुनात, पावसाच्या तोंडावर, कोठून येणार? फेब्रुवारीत त्या कंपनीने विमाने तेथे नाहीत असे जाहीर केले.

तर्कसंग्रहाचे विद्यार्थी धुरावरून अग्नीचे अनुमान करावयास शिकतात, आणि मग लगेच त्यांस हेही शिकवितात की लांबून दिसणारे धुके हा धूर नव्हे. लोहशोधक यंत्र एवढेच म्हणते की येथे धातू आहे. तो धातू विमानाचा की नळाचा, हे त्यास सांगता येत नाही. ते आपण आपल्या पदरचे घालतो. आणि साक्षीदारांची संख्या वाढल्यानेही काही साधत नाही. दहा जणांनी एकाच ऐकीव गोष्टीची साक्ष दिली तर ती दहा साक्षी होत नाहीत, एकच अफवा दहा तोंडांनी बोलते. त्या लिंकनशायरच्या शेतकऱ्यास हसण्याचा मात्र आम्हांस अधिकार नाही. त्याने निदान आपले पैसे आणि आपली वर्षे त्यात घातली. आम्ही फुकटात शहाणे झालो होतो.

कारण बापूकाकांनी खोटे काहीच सांगितले नव्हते. १९४२ च्या मे महिन्यात ब्रह्मदेश सोडून आलेला मनुष्य १९४५-४६ च्या रंगूनविषयी पाहिले असे म्हणणार कसा? त्यांनी म्हटलेही नव्हते. ते म्हणाले होते, "असे ऐकले." पुढे भेटलेल्या कोणा सोबत्याकडून कानावर आले असेल. तो 'ऐकले' शब्द आम्ही चाळीस वर्षांत केव्हा गाळला ते आम्हांसही कळले नाही. संहितेतला एक काना गळला तर पाठ्यक्रमातून नापास करणारे आम्ही. आणि येथे सबंध क्रियापद गिळून वर्गासमोर उभे राहिलो.

फेब्रुवारीतली ती बातमी आम्ही वाचली त्या दिवशीही नववीचा तास होता. परीक्षा जवळ आल्या होत्या, पाठ्यक्रम उरला होता, अशी कारणे आम्ही मनाशी जुळविली आणि फ्रेंच राज्यक्रांती शिकविली. मागच्या बाकाकडे पाहिले नाही. तो मुलगा आता तिशीच्या आसपास असेल. ह्या मासिकाचा अंक त्याच्या घरी जात असेल असे नाही. तरी जे वर्गात म्हणावयाचे राहिले ते येथे म्हणतो. त्याचा प्रश्न बरोबर होता, आणि उत्तर 'नाही, पाहिली नव्हती' असे होते.

ह्याहून अधिक टोचते ते निराळेच. जे बापूकाकांनी डोळ्यांनी पाहिले होते, त्याबद्दल आम्ही त्यांस पुढे वीस वर्षांत एकही प्रश्न विचारला नाही. त्या पंजाबी चालकाचे नाव काय होते? बोटीत चढल्यावर तो पुढे त्यांच्यासोबत कलेवाहून इंफाळपर्यंत चालत आला की नाही? विमानांच्या सोन्यासारख्या कथेपुढे ह्या लॉऱ्या आम्हांस किरकोळ वाटल्या. झोपाळ्यावर आम्ही रोज संध्याकाळी शेजारी बसत होतो. बोलत होतो नळाच्या पाण्याविषयी आणि भाच्यांच्या मुंजींविषयी.

बापूकाका गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली तेव्हा पेन्शनची कागदपत्रे, एक उपरणे आणि जानव्यांच्या जोडाखाली तांबड्या-काळ्या रंगाचा, अंगठ्याएवढा, एका बाजूस पितळेची पट्टी असलेला तुकडा निघाला. घरात सर्वांचे मत पडले की हा रेडिओचा काही भाग असावा. आम्हीही तेच म्हटले व तो दाभण-कात्रीच्या डब्यात टाकला. नगरहून आल्यावर नातवाने तो डबा धुंडाळला, तुकडा घेऊन गल्लीच्या कोपऱ्यावरील जुन्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे गेला, आणि दहा मिनिटांत धावत परत आला. तो पेट्रोलच्या इंजिनातील ठिणगी वाटून देणारा 'रोटर' होता. मिस्त्रीने सांगितले की तो काढून घेतला की गाडी जागची हलत नाही. आणि लष्करातले चालक गाडी सोडून जाताना तेवढा काढून खिशात घालीत, हे आम्ही नंतर पुस्तकात वाचले.

तो कोणत्या लॉरीचा, बापूकाकांनी स्वतः काढला की त्या चालकाने त्यांच्या हाती दिला, हे सांगावयास आता घरात कोणी नाही. नातवाने एक वही आणली आहे. तीत आम्ही १९७१ च्या त्या रात्रीचे जेवढे आठवते तेवढे लिहून दिले. दोन पाने भरली. विमानांचे वाक्यही लिहिले आहे, शेवटी, आणि त्यांच्याच शब्दांत.